हिजाब बघून आपण काय काय धरून चालतो? (कोल्हापूर: दुकान, दवाखाना, स्टुडिओ, कारखाना)

मीनल_शाहूपुरी (धागाकर्ती)

शहरातल्या दुकानांत, लॅबमध्ये, फोटो स्टुडिओत, क्लासेसमध्ये, पतसंस्थांत काउंटरवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही सूचनांची काही पानं तयार करतोय. ज्येष्ठ, कमी ऐकू येणारे, खेड्यातून पहिल्यांदा आलेले, हे मुद्दे लिहून झाले. एक मुद्दा अडलाय.

हिजाब किंवा बुरखा घातलेली बाई समोर आली की बऱ्याच जणांच्या मनात पाच-सहा गोष्टी ती तोंड उघडायच्या आधीच पक्क्या झालेल्या असतात. हिला मराठी येत नसेल. शिक्षण कमी असेल. निर्णय नवरा घेत असेल. पुरुष कर्मचारी चालणार नाही. फोटोसाठी चेहरा दाखवणार नाही. घरून जबरदस्ती असेल. यातलं एखादं एखादीच्या बाबतीत खरं असेलही. पण न विचारता धरून चाललं की तिचं काम बिघडतं, आणि बिघाड झाला हे काउंटरवाल्याला कळतसुद्धा नाही.

"सगळ्यांशी सौजन्याने वागा" हे वाक्य भिंतीवर लावून उपयोग होत नाही. कुठे काय चुकतं, का चुकतं आणि त्याऐवजी नेमकं काय म्हणायचं, काय करायचं, ते हवंय. त्या त्या कामातल्या माणसांनी लिहा.

सबा_बावडा

भाषेपासून सुरुवात करा. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुसलमान घरांत घरी दख्खनी (इकडची उर्दू) नाहीतर मराठी, आणि उंबऱ्याबाहेर मराठी. बागवान, मुजावर, शिकलगार, नदाफ, अत्तार ही आडनावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत, पण देसाई, पाटील, देशमुख आडनावाचीही मुसलमान घरं आहेत. काउंटरवर होतं असं की मुलगी "हां जी, क्या चाहिए" म्हणते, समोरची मराठीत उत्तर देते, आणि तरी हिचं पुढचं वाक्य हिंदीतच. म्हणजे उत्तर ऐकलंच नाही. मराठीत सुरुवात करा. समोरची हिंदीत गेली तर तुम्हीही जा. आणि "मराठी किती छान बोलता हो" हे कौतुक नको, तिची तीच भाषा आहे. हाक मारताना इतरांना ताई, मावशी, मॅडम म्हणता तेच म्हणा. ठेवणीतून "आपा", "भाभी" काढायची गरज नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. सोबत नवरा, भाऊ किंवा दहावीतला मुलगा असला तरी सगळं बोलणं त्याच्याशी सुरू होतं. खातं तिच्या नावावर, रिपोर्ट तिचा, बांगडी तिच्या हातात बसवायची आहे, आणि माप विचारतात त्याला. ज्याचं काम त्याच्याकडे बघून विचारा. फॉर्म पुढे करताना "सही की अंगठा?" हा प्रश्नच नको. पेन ठेवा. अंगठा करणारी बाई स्वतःहून सांगते.

पेठेतला_पोरगा

नाद खुळा धागा! पण ताई, थेट बघून बोललं तर राग यायचा म्हणून तर आमची पोरं खाली मान घालून बोलत्यात. त्यात काय चुकलं?

सबा_बावडा

भावा, खाली मान घालून बोलला तर चालतं, पण मग बाजूच्या माणसाशी बोलायला लागतोस तिथे गडबड होते. साधं बघणं आणि टक लावणं यातला फरक कुठल्याही बाईला कळतो. कुराणात सूरह नूरच्या तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितलंय, मग एकतिसाव्या आयतीत स्त्रियांना, आणि ओढणीचा उल्लेख त्या एकतिसाव्यात येतो. हस्तांदोलनाला हात पुढे करू नका, तिने केला तर करा. नमस्कार सगळीकडे चालतो.

क्षकिरण

एक्स-रे आणि एमआरआयच्या खोलीतलं लिहितो. आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "बुरखा काढा". ते वाक्य उद्धट आहे हा एक भाग, आणि कामाचंही नाही हा दुसरा. छातीच्या एक्स-रेला साधा सुती स्कार्फ काही बिघडवत नाही. बिघडवतात ते आतले धातू आणि जाड घड्या: हनुवटीखालची सेफ्टी पिन, खांद्यावरची टाचणी, खड्यांचं आणि जरीचं काम, आणि मानेवर येणारा केसांचा अंबाडा. मानेच्या मणक्यांच्या एक्स-रेत अंबाडा नेमका वरच्या मणक्यांवर सावली टाकतो. मग फिल्म पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे किरणांचा डोस दुसऱ्यांदा. बाईने "काढते" म्हणून वरचा अबाया (पायघोळ सैल झगा) काढला आणि आतल्या टोपीची पिन तशीच राहिली, असं होतं, कारण तिला नेमकं काय काढायचं ते सांगितलेलंच नसतं.

म्हणून असं विचारा: "डोक्यात, मानेजवळ, खांद्यावर पिना, क्लिपा, चुंबकाचं बटण आहे का? मानेच्या फोटोसाठी अंबाडा सोडून केस वर घ्यावे लागतील. आत आरसा आहे, डोक्याला सुती टोपी देतो." ऑपरेशन थिएटरमधली एकदा वापरायची टोपी आणि एक धुतलेली चादर, एवढ्यावर काम भागतं. पोझिशन देऊन झाल्यावर दार लावलंय आणि मधे कुणी येणार नाही हे तोंडाने सांगायचं, नाहीतर बाईचं लक्ष दाराकडे राहतं, ती हलते आणि फिल्म पुसट येते.

एमआरआयला मात्र तडजोड नाही. हल्ली स्कार्फला चुंबकाच्या बटणांच्या जोड्या लावतात. दिसायला शर्टाच्या बटणाएवढं, पण चुंबक जोरदार. ते आत गेलं तर उडून मशीनला किंवा माणसाला लागेल. खेळाच्या काही कपड्यांत चांदीचा धागा विणलेला असतो, जरीत धातू असतो, आणि असं कापड आत तापून भाजू शकतं. एमआरआयला दवाखान्याचे कपडे आणि दवाखान्याची टोपी, आणि हे सर्वांनाच, मंगळसूत्रवाल्या ताईंनाही.

डॉ_गडहिंग्लज

क्षकिरण यांनी छान मांडलंय. त्यात रक्तदाबाची भर घालते. अबायाच्या बाहीवरून पट्टा बांधू नका. बाही वर सरकवून दंडाशी घट्ट गोळा झाली तर तीही चालत नाही, तो गोळा स्वतःच दंड आवळतो आणि आकडा चुकतो. बाई पाठमोरी किंवा पडद्याआड बसून बाहीतून हात बाहेर काढेल आणि वरून ओढणी घेईल, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कानाच्या तपासणीला दोन्ही कान उघडे लागतात. ऑडिओमेट्रीचे (ऐकू येण्याच्या चाचणीचे) हेडफोन स्कार्फवरून लावले तर आवाज दबतो आणि नसलेलं बहिरेपण कागदावर येतं.

"पुरुष डॉक्टर चालणार नाही" हे परस्पर ठरवून पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलावणं फार वाईट. एकच प्रश्न विचारायचा: "डॉक्टर पुरुष आहेत, सोबत सिस्टर थांबतील, चालेल का?" बहुतेक वेळा होकार येतो. तातडीच्या वेळी धर्मानेही सूट आहे. सिस्टर मात्र कुठल्याही स्त्री-पेशंटजवळ थांबलीच पाहिजे.

आणि आम्हा डॉक्टरांना एक सांगणं. थकवा, पाठदुखी, केस गळणं घेऊन हिजाबवाली बाई आली की "ऊन लागत नाही ना, ड जीवनसत्त्व कमी" असं वाक्य तयार असतं. कमी असेलही. अंग झाकलेलं राहिलं की त्वचेत ते कमी बनतं हे खरं, पण दिवसभर सावलीत बसणाऱ्या सर्व धर्मांच्या माणसांत आपल्याकडे ही कमतरता भरपूर आहे. उत्तर आधीच मिळाल्यामुळे हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी राहून जाते, हा खरा तोटा.

रंकाळावारा

एप्रिल-मेमध्ये ताराराणी चौकात सिग्नलला बघा. स्कूटीवरच्या निम्म्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळून, वर सनकोट, हातमोजे घालून चाललेल्या असतात. त्यांच्याबद्दल कुणी काही ठरवत नाही. ऊन आहे, धूळ आहे, एवढंच. तेच कापड दुसऱ्या पद्धतीने बांधलं की बघणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट तयार.

प्रतिमा_पुणे

@रंकाळावारा, ही तुलना पटत नाही. स्कूटीवरची मुलगी कॉलेजात पोचली की स्कार्फ सोडते आणि तिला कुणी जाब विचारत नाही. हिजाबमागे धर्माचा आदेश, घरचा दबाव, मोहल्ल्याची नजर आहे. इराणमध्ये १९८० च्या दशकापासून सक्ती आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या. समाजसुधारक हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते स्त्रियांच्या प्रश्नावरच. हे सगळं बाजूला ठेवून नुसतं "गृहीत धरू नका" म्हणणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं.

नदाफमास्तर

प्रतिमाताई, तुमचा मुद्दा पुसायचा नाही. दबाव आहे. काही घरांत बारा-तेराव्या वर्षी मुलीला विचारलं जात नाही, सांगितलं जातं. काही घरांत आई घालत नाही आणि मुलगी कॉलेजात गेल्यावर स्वतः सुरू करते, वडिलांना आवडत नसतानाही. काहीजणी फक्त माहेरी नाहीतर फक्त सासरी घालतात. काहीजणी घरून निघताना घालतात आणि स्टँडवर काढून पिशवीत ठेवतात. काउंटरपुढे या चौघी सारख्याच दिसतात. कापडावरून अनोळखी माणसाला काहीही कळत नाही, एवढंच धागाकर्तीचं म्हणणं आहे.

सक्ती दोन्हीकडून होते. इराण घालायला लावतं, फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींना काढायला लावलं. दलवाईंची मागणी होती ती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध, समान कायद्यासाठी. स्त्रीला माणूस म्हणून हक्क मिळावेत ही त्यामागची भूमिका. त्या भूमिकेचा माणूस काउंटरवर बसला तर तो नवऱ्याला न विचारता तिला विचारेल.

प्रतिमा_पुणे

हे मान्य. पण मग खरोखर दबावाखाली असलेली बाई समोर आली तर कर्मचाऱ्याने काय करायचं? तेही पानावर हवं.

समुपदेशक_कोल्हापूर

प्रतिमाताईंचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कापडात शोधू नका. बघायचं ते हे: सोबतचा माणूस तिला एक मिनिटही एकटं सोडत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देतो, फोन आणि कागदपत्रं त्याच्या खिशात, जुन्या-नव्या जखमा, पैशाचं नाव काढलं की ती गप्प. ही लक्षणं साडीत, ड्रेसमध्ये, जीन्समध्ये सारखीच असतात. वजन, लघवीचा नमुना, कपडे बदलणं अशा निमित्ताने तिला बाईबरोबर आत घ्या. आत विचारा, "घरी सगळं ठीक आहे ना? काही मदत हवी असेल तर सांगा." नाही म्हणाली तर ताणू नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा, तिथे ते एकटीला वाचता येतात. हातात पत्रक देऊ नका, घरी सापडलं तर तिलाच त्रास होतो. "बुरखा घालायला जबरदस्ती करतात का?" हा प्रश्न सर्वांसमोर विचारला की बाई हमखास "नाही" म्हणते, खरं काहीही असो.

फोटो_गंगावेश

स्टुडिओचं सांगतो. पासपोर्टच्या नियमात धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं, अट एवढीच की हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांपर्यंत चेहरा स्पष्ट दिसावा. म्हणजे "स्कार्फ काढा नाहीतर फोटो नाही" म्हणणारा स्टुडिओवाला चुकतो, आणि भिडेपोटी आहे तसा फोटो काढून देणाराही चुकतो, तिचा अर्ज परत येतो.

फोटो कशाने बाद होतो ते बघा. आतली टोपी भुवईपर्यंत उतरलेली असते, ती केसांच्या रेषेपर्यंत मागे घ्यायला सांगा. स्कार्फची कड गालावर येते, ती गालफडाच्या मागे सरकवायची. वरून एकच लाइट असला की स्कार्फच्या काठाची सावली कपाळावर पडते, म्हणून चेहऱ्याच्या उंचीला दोन्ही बाजूंनी दोन लाइट. पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा किंवा क्रीम स्कार्फ असेल तर डोक्याची कडच हरवते. साटन चमकतं. निळा, मरून, काळा, बिनचमकीचा असा एक स्कार्फ स्टुडिओत धुऊन ठेवा, लागलाच तर द्यायला. कान दिसण्याची अट काही भरतीच्या फॉर्मवर असते. तेव्हा आपल्या तोंडचं न सांगता तो फॉर्म तिला दाखवा.

नकाब (डोळे सोडून चेहरा झाकणारं कापड) असेल तर चेहरा फक्त फोटोपुरता उघडेल, त्यासाठी बाई फोटोग्राफर असली तर उत्तम. नसेल तर दुकानातली इतर गिऱ्हाइकं बाहेर थांबवा. आणि तो फोटो शोकेसमध्ये लावू नका, व्हॉट्सॅपवर दुसऱ्या कुणाच्या नंबरवर टाकू नका.

तालीमवाला

एक बोलू का? आपलं कोल्हापूर शाहू महाराजांचं. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, महाराज स्वतः अध्यक्ष झाले, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं आहे. मोहरमला तालमीत पंजे (पवित्र मानलेले धातूचे हात) बसतात, आणि त्यापुढे नारळ ठेवणारे निम्मे हिंदू. इथं असले प्रश्न नाहीत. हे मुंबई-पुण्याचं खूळ आहे.

नदाफमास्तर

तालीमवाले, पंज्यांबद्दल एकही अक्षर खोटं नाही, आणि त्याचा अभिमान सर्वांनाच आहे. पण ७ जून २०२३ ला याच शहरात दगडफेक झाली, आणि १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीवर आणि घरांवर हल्ला झाला. अशा दिवसांनंतर गर्दीत सर्वांत आधी ओळखू येते ती हिजाबवाली. दाढी-टोपी नसलेला पुरुष मिसळून जातो, तिला ते जमत नाही. म्हणून अशा आठवड्यात ती बाजाराला येत नाही, क्लासला दांडी मारते, तपासणी पुढे ढकलते. काउंटरवाल्यांनी त्या दिवसांत चुकलेली अपॉइंटमेंट दंड न लावता पुढची तारीख देऊन भरून द्यावी. शाहू महाराजांचं नाव घ्यायचं तर एवढं करता येतं.

तालीमवाला

पटलं मास्तर. तारखेचं पानावर घ्याच.

वकील_आजरा

"हिजाबला कोर्टाने बंदी घातली ना?" असं काही क्लासवाले सर्रास म्हणतात, म्हणून नोंद. कर्नाटक सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा, तो तिथल्या शाळा-कॉलेजांच्या गणवेशाबद्दल. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींची मतं एकमेकांविरुद्ध पडली. चेंबूरच्या एका कॉलेजाच्या ड्रेसकोडवरची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ ला फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ ला त्या ड्रेसकोडमधल्या हिजाब-टोपीच्या भागाला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरखा चालणार नाही हे मात्र राहू दिलं. कागलची हद्द ओलांडली की दुसरं राज्य, पण तिथला गणवेशाचा आदेश कोल्हापूरच्या दुकानाला, बसला, खासगी क्लासला लागू होत नाही. रस्त्यावर, बँकेत, दवाखान्यात हिजाबवर बंदी घालणारा कुठलाही कायदा महाराष्ट्रात नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न वेगळा. नकाब असेल तर आडोशाला स्त्री कर्मचाऱ्याने चेहरा ओळखपत्राशी ताडून बघायचा. मतदान केंद्रावरही बुरखेवाल्या मतदारांसाठी महिला कर्मचारी आणि आडोसा अशीच पद्धत आहे.

परीक्षाकेंद्र

वकीलसाहेबांच्या शेवटच्या ओळीला जोडून. नीटच्या माहितीपत्रकात धार्मिक वा पारंपरिक पोशाख घालणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर यावं असं लिहिलेलं असतं. उशीर झाला की दारात गोंधळ होतो आणि मुलगी रडत आत जाते. तिला आधीच सांगा: धातूच्या पिना नकोत, शिवलेला, डोक्यातून घालायचा स्कार्फ घाल, म्हणजे डिटेक्टर वाजणार नाही. केंद्राने कनाती लावलेला कोपरा आणि दोन महिला कर्मचारी ठेवावेत. बघायचे ते दोन्ही कान आणि मान, ब्लूटूथसाठी. त्यासाठी स्कार्फ कानामागे उचलला तरी पुरतं. मुलींच्या रांगेसमोर सोडायला लावू नका.

गाडीवाली_कागल

हेल्मेटबद्दल कुणीच लिहिलं नाही. "हिजाब असला की हेल्मेट माफ" असा काही पोरींचाच समज आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना.

हेल्मेट घ्यायला जाताना रोजचा स्कार्फ बांधूनच जा. भुवईच्या बोटभर वरून टेप फिरवून माप घ्या, स्कार्फसकट. टाळूवर गाठ किंवा अंबाडा असला की हेल्मेट वर उचललं जातं आणि धडक बसली की सुटून जातं. मानेवर अंबाडा असला की मागची कड त्यावर आपटून हेल्मेट डोळ्यांवर येतं. म्हणून केसांची सैल वेणी घालून ती पाठीवर सोडा. जॉर्जेट घसरतं, आत हेल्मेट फिरतं. पातळ होजिअरी किंवा मलमल बरं. डोक्यावर एकही पिन नको, पडल्यावर ती टाळूत घुसते. पट्टा हनुवटीखालच्या कापडाच्या जाड घडीवरून नको, घडी बाजूला करून जबड्याखाली बसवा, एक-दोन बोटं जातील एवढाच सैल. आणि स्कार्फची, अबायाची टोकं मांडीखाली दाबून बसा. मागच्या चाकात कापड अडकून होणारे अपघात ओढणीचे, पदराचे आणि अबायाचे सारखेच गंभीर असतात. साडी-गार्ड काढून टाकलेल्या गाडीवर मागे बसूच नका. दुकानदार मात्र हिजाब बघून "तुम्हाला हाफच जमेल" म्हणून अर्ध हेल्मेट पुढे करतात. पूर्ण हेल्मेट व्यवस्थित बसतं, दाखवा तर खरं.

शिरोली_एमआयडीसी

आमच्याकडे मुलाखतीत "स्कार्फ मशीनमध्ये अडकेल" म्हणून नाव कापलं जातं. अडकण्याची भीती खरी आहे, पण ती लोंबणाऱ्या कापडाची. लेथ, ड्रिलवर ओढणी, टाय, मोकळी वेणी, सैल बाही, कशालाच परवानगी नाही. डोक्यातून घालायचा, मानेला लागून बसणारा स्कार्फ, त्याची टोकं कामाच्या कोटात खोचलेली आणि पिना शून्य, हे चालतं. फाउंड्रीत सिंथेटिक अजिबात नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुती द्या, कंपनीनेच गणवेशाबरोबर द्या.

पेठेतला_पोरगा

आणि नमाजला सारखं उठून जातील त्याचं काय? साहेब लोक हेच विचारत्यात.

सबा_बावडा

दिवसपाळीत दुपारची एक नमाज येते, जेवणाच्या सुट्टीत बसते. वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) धरून दहा मिनिटं. उन्हाळ्यात संध्याकाळची पाचच्या पुढे. शुक्रवारी मशिदीत जाणं बायकांना बंधनकारक नाही. चटई अंथरण्याएवढी जागा आणि नळ, बाकी काही लागत नाही.

रमजानमध्ये एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. "आज रोजा नाही का?" असं बाईला विचारू नका. पाळी असताना रोजा आणि नमाज दोन्ही नसतं, आणि तुम्ही चार पुरुषांसमोर तिच्याकडून तेच वदवून घेताय. आजारी, गरोदर, प्रवासात असलेलीही सोडते. सुटलेले रोजे नंतर भरून काढतात, म्हणून ती दिवाळीच्या महिन्यातही उपाशी असू शकते. रक्ततपासणीला "उपाशीपोटी आलात का?" एवढं सर्वांना विचारता तेच विचारा.

चुलीवरचं

विषयांतर माफ करा, रमजान निघालाच आहे तर ईदच्या शीरखुर्म्याचं प्रमाण द्या कुणीतरी. आमचा दरवेळी फाटतो.

सबा_बावडा

१ लिटर सायीचं दूध, ५० ग्रॅम बारीक भाजक्या शेवया, १० खारका रात्रभर भिजवून, बदाम-काजू-चारोळी मिळून वाटीभर, साखर ८०-१०० ग्रॅम. फाटतो तो खारकांमुळे. त्या वेगळ्या उकडून, तुपावर परतून, दूध आटल्यावर गॅस मंद करून घाला. शेवया सर्वांत शेवटी, पाच मिनिटं पुरे, नाहीतर लापशी होते.

आशा_करवीर

मुलांच्या संख्येबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. बुरखा दिसला की नोंदणीला "किती, पाच?" असा प्रश्न येतो, आणि पाठोपाठ "सवत आहे का" सुद्धा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर (एका स्त्रीला सरासरी किती मुलं) १९९२-९३ ला ४.४ होता, २०१९-२१ ला २.३६, हिंदू स्त्रियांचा तेव्हा १.९४. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या मुस्लिम स्त्रिया १.९ टक्के, हिंदू १.३ टक्के. फॉर्मवर जसं छापलंय तसं वाचा, "हयात मुलं किती?", आणि थांबा. आकडा आपण सुचवला की बाई पुढची माहिती द्यायची बंद होते, गर्भपात झालेला असला तर तो सांगत नाही, आणि तीच माहिती बाळंतपणाला लागणार असते.

पीटीशिक्षक

आशाताई, आमच्याकडेही तेच. फुटबॉलच्या निवडीला हिजाबवाल्या मुलीचं नाव शिक्षकच पुढे करत नाहीत, "ही खेळणार नाही". फिफाने २०१४ पासून परवानगी दिलीये. स्कार्फ काळा किंवा जर्सीच्या रंगाचा, जर्सीला न जोडलेला, बाहेर लोंबणारं टोक नाही, एवढ्या अटी. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून बचावफळीत खेळली. फुटबॉलवेड्या या गावात हे मुलींना माहीत असायला हवं.

प्रतिमा_पुणे

सर्वांचं वाचून एक आकडा माझ्याकडून. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१९-२० च्या पाहणीत ६१ टक्के भारतीय स्त्रियांनी घराबाहेर डोकं झाकतो असं सांगितलं. हिंदू ५९, मुस्लिम ८९, शीख ८६. दबावाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण तो प्रश्न विचारायचा तर डोक्यावर पदर घेणाऱ्या करवीर-पन्हाळ्यातल्या सासुरवाशिणींनाही विचारावा लागेल.

मीनल_शाहूपुरी

भरपूर मिळालं, सर्वांचे आभार. "हिजाबधारी महिला ग्राहक" असा वेगळा चौकट-मजकूर करून हे सगळं त्यात घालायचा विचार आहे. चालेल?

सबा_बावडा

वेगळी चौकट नको गं. चौकट केली की नवीन मुलगी कापड बघून तीच चौकट उघडणार. पिनांची ओळ एक्स-रेच्या पानावर घाल, सर्वांना विचारायची म्हणून. बाहीची ओळ रक्तदाबाच्या पानावर. सिस्टर थांबण्याची ओळ तपासणीच्या पानावर. "मराठीत सुरुवात करा" आणि "ज्याचं काम त्याच्याशी बोला" या दोन ओळी पहिल्या पानावर वर. फक्त रमजानचा प्रश्न आणि नकाब असताना ओळख पटवणं एवढंच वेगळं लिहावं लागेल.

क्षकिरण

सहमत. आणि सामानाच्या यादीत लिहा: आतून कडी लागणारा आडोसा, डोक्याच्या उंचीला आरसा, दोन खुंट्या आणि पिना ठेवायला स्टीलची वाटी. वाटी नसली की पिना टेबलाच्या काठावर ठेवल्या जातात, खाली पडतात, आणि पुढच्या पेशंटच्या पायात जातात.

मीनल_शाहूपुरी

चौकट काढली. सामानाची यादी जोडते. कच्चा मसुदा रविवारी इथेच टाकते. फोटो_गंगावेश, लाइटची उंची फुटात सांगाल का?

फोटो_गंगावेश

बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून साधारण चार फूट, चेहऱ्यापासून तीन-साडेतीन फुटांवर, दोन्ही बाजूंनी तिरके. स्टूल पडद्यापासून तीन फूट पुढे ठेवा, मागे सावली येत नाही.